उजळलेली हंसली

शशिकलाबाईंच्या घरात काळी पडलेली चांदी कुणी पाहिली असेल, तर त्यानं खुशाल पुढं येऊन सांगावं. निरांजन, पंचपात्री, बाळकृष्णाचा पाळणा, गौरींचे मुखवटे, सगळं कसं आत्ताच दुकानातून आणल्यासारखं. यजमान होते तेव्हा चेष्टेनं म्हणायचे, "आमच्याकडे देवापेक्षा देवाच्या भांड्यांची बडदास्त जास्त." त्यांच्या कारखान्यातल्या नोकरीपायी नागपूर सुटलं, भोपाळ लागलं, साकेतनगरात घर झालं, मुलगा गौरांग मोठा झाला आणि यजमान गेले. पण बाईंचे दोन नेम सुटले नाहीत. एक चांदी घासण्याचा आणि दुसरा कीर्तनाचा. दत्तमंदिरात कीर्तन आहे म्हटलं की पहिल्या रांगेत, खांबाला पाठ टेकून बाई हजर. पूर्वरंगात मान डोलवायची, उत्तररंगात आख्यान रंगात आलं की पदरानं डोळे टिपायचे, आणि बुक्का लावून घेतल्याशिवाय उठायचं नाही.

त्या आठवड्यात मंदिरात कीर्तन सप्ताह होता. भालचंद्रबुवा आले होते. एका संध्याकाळी बुवांनी चिपळ्या थांबवून श्रोत्यांना विचारलं होतं, "अहो, सेवा कशाला म्हणायचं? आपल्याला जे आवडतं ते देवाच्या गळ्यात बांधायचं, याला सेवा म्हणायचं का? एकदा त्यालाही विचारा की, बाबा रे, तुला काय हवंय?" सगळ्या मंडपात यावर सर्वांत जोरात मान कुणी डोलावली असेल, तर शशिकलाबाईंनी. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, बरं का, त्याच बाईंच्या हातून काय घडलं ते ऐका.

बाईंची सून क्षितिजा. गोविंदपुऱ्यातल्या एका कंपनीत ट्रान्सफॉर्मरच्या भागांची ड्रॉइंग काढायची. हात असा की कागदावरची रेघ तारेसारखी ताठ. पण मन रमायचं चांदीत. एकदा भीमबेटक्याला जाऊन आली आणि तिथल्या गुहांतल्या खडकांवर रंगवलेली माणसं तिच्या डोक्यातून जाईनात. काटक्यांसारखे हातपाय असलेली, एकमेकांचे हात धरून नाचणारी माणसं. तीच माणसं तिनं चांदीच्या दागिन्यांवर कोरून घ्यायला सुरुवात केली. चौकातल्या सराफ्यात रईसभाई म्हणून कारागीर होते, ते तिच्या ड्रॉइंगबरहुकूम घडवून द्यायचे. कंपनीतून तिनं लांबलचक बिनपगारी रजा घेतली होती. ती आता संपत आली होती. उद्यापासून हबीबगंज स्टेशनजवळच्या हॉलमध्ये दागिन्यांचं मोठं प्रदर्शन, त्यात क्षितिजाचा पहिलाच स्टॉल. आणि उद्याच कंपनीला सांगायचं होतं, परत येणार की नाही.

"स्टॉल चालला तर नाही म्हणेन," ती गौरांगला म्हणाली होती, "नाही चालला तर सोमवारी डबा घेऊन गोविंदपुरा. मग हे सगळं बंद. अर्धं इथं, अर्धं तिथं, मला जमत नाही."

बाईंनी हे स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. पोरीची झोप उडाली होती, जेवणावर लक्ष नव्हतं. तिच्यासाठी आपण काहीतरी करावं, असं बाईंना फार वाटत होतं.

दुपारी क्षितिजा स्टॉलची मांडणी पाहायला हॉलवर गेली. बाई तिच्या खोलीत केर काढायला शिरल्या आणि टेबलावरचे ट्रे बघून दारातच थबकल्या. गळ्यातली हंसली, बाजूबंद, झुमके, मूनस्टोनची पेंडंट, गार्नेट जडवलेल्या पाटल्या, एक फिरोजाची अंगठी. आणि सगळे काळे! खाचा तर काजळ भरल्यासारख्या.

"अगं बाई," बाई स्वतःशीच म्हणाल्या, "उद्या प्रदर्शन आणि दागिन्यांना ही कळा! पोरीला वेळ तरी कधी मिळणार घासायला?"

भजनी मंडळाच्या ग्रुपवर मागं एक व्हिडिओ आला होता. परातीत स्वयंपाकाची चमकी पसरायची, तीच ती पोळ्या गुंडाळायची, त्यावर खायचा सोडा, वर उकळतं पाणी, आणि त्यात चांदी सोडायची. घासायलाच नको. बाईंनी पदर खोचला. एकेक दागिना पाण्यात सोडला. पाणी फसफसलं, नाल्यावरून गेल्यासारखा एक घाणेरडा दर्प उठला, बाईंनी नाकाला पदर लावला. बघता बघता काळं सगळं चमकीवर उतरलं आणि चांदी कशी, चांदण्यासारखी पांढरी. खाचांमध्ये जे थोडं राहिलं होतं ते त्यांनी जुन्या ब्रशनं काढलं. मग मलमलच्या फडक्यानं पुसून सगळं ट्रेमध्ये होतं तसं मांडलं, आणि संध्याकाळच्या कीर्तनाला नेसायची साडी काढून ठेवली.

क्षितिजा पाचच्या सुमारास आली. खोलीत गेली. 

"आवडलं का गं?" बाईंनी बाहेरून हौसेनं विचारलं.

क्षितिजा दारात आली. हातात हंसली होती. "आई, हे कुणी केलं?"

"कोण करणार? मीच. एकही डाग ठेवला नाही बघ."

क्षितिजानं हंसली उजेडात धरली. तिच्यावर नाचणाऱ्यांची अख्खी रांग कोरलेली होती, पण आता नुसती चकाकी दिसत होती. माणसं गायब. तिनं ती तिरकी केली, सरळ केली. माणसं काही दिसेनात.

"ते काळं पडलं नव्हतं आई. ते मुद्दाम केलं होतं. ऑक्सिडाइज करतात त्याला. आता तीच फॅशन आहे, लोक तेच मागतात. आणि फॅशन जाऊ द्या, खाचेत काळं राहिलं तरच आकृती उठते. नाहीतर मी काढलेलं दिसणार कसं?"

बाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं. मग त्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

"म्हणजे मी..."

"असू दे. तुम्हाला कुठं माहीत होतं." क्षितिजाचा आवाज अगदी सपाट झाला होता, आणि बाईंना तेच जास्त लागलं. ओरडली असती तर बरं. तिनं फोन उचलला. रईसभाई विदिशाला, घरच्या लग्नात. काळं करण्याचं औषध दुकानात, दुकानाला कुलूप. दुसऱ्या दोघा-तिघांना विचारलं, तर लग्नसराई, हातात कुणालाच वेळ नाही. ऑनलाइन मागवलं तर प्रदर्शन उरकल्यावर येणार.

तेवढ्यात गौरांग ऑफिसातून आला, त्यानं ट्रे पाहिले. "अरे वा, एकदम चकाचक!" म्हणाला, मग दोघींची तोंडं पाहिली. "काय झालं? हो गया कल्याण?"

"काही नाही," क्षितिजा म्हणाली, "उद्या सकाळी सरांना फोन करते. सोमवारपासून येते म्हणून सांगते."

"असं कसं? दुसरा काही इलाज असेल ना?"

"आहे एक. पण तो आपल्या घरात नाही होणार. सोड."

"का नाही होणार?" बाई म्हणाल्या.

क्षितिजानं त्यांच्याकडे पाहिलं. "आई, अंडी लागतात. उकडलेली. गरम गरम फोडून डब्यात चांदीशेजारी ठेवायची आणि झाकण घट्ट लावायचं. त्यांच्या वाफेनं चांदी काळी होते. क्लासमध्ये करून पाहिलं होतं. माझ्या मैत्रिणीकडे जाऊन केलं असतं, पण ती गावाला गेलीय."

आता सांगायला हवं, की या घरात अंडं म्हणजे काय. लग्न होऊन आल्यावर क्षितिजानं वाढदिवसाचा केक आणला होता. तो अंड्याचा निघाला तेव्हा बाईंनी टेबल धुतलं, फरशी धुतली, आणि केक ठेवलेली बशी कुंडीखाली गेली ती आजतागायत तिथंच होती. बाई कुणाला बोलल्या नव्हत्या, पण कुणाला बोलायची गरजही उरली नव्हती.

 मंदिरातून ध्वनिक्षेपकाची खरखर ऐकू आली. कुणीतरी पेटीवर सूर धरून बघत होतं. बाईंची साडी पलंगावर घडी मोडून तयार होती. बुवांचं कालचं बोलणं बाईंच्या कानात वाजलं. विचारा की त्याला, तुला काय हवंय. मान तर आपण डोलावली. विचारलं कुठं?

त्यांची नजर देवघराकडे गेली. मधोमध यजमानांच्या आईपासून चालत आलेला काळ्या पाषाणाचा विठोबा. त्याला कधी त्यांनी ब्रश लावला नव्हता. उलट सणासुदीला तेलाचं बोट फिरवायच्या, काळा आणखी काळा दिसावा म्हणून.

बाई उठल्या. साडीची घडी घालून कपाटात ठेवली.

"गौरांग, जा. अंडी घेऊन ये."

"आई?"

"बहिरा झालास का? अंडी. भरपूर आण."

"देशी की फार्मची? कोपऱ्यावरच्याकडे फार्मची ताजी असतात. डेअरीपलीकडचा जुनी देतो."

बाईंनी मुलाकडे रोखून पाहिलं. "तुला बरीच माहिती आहे की रे!"

गौरांग पिशवी घेऊन जिना उतरला, दोन दोन पायऱ्या एकदम टाकत.

"आई, खरंच नको," क्षितिजा म्हणाली. "तुमचं मन मोडून..."

"माझ्या मनाचं माझं मी बघते. काळं मी काढलंय, मीच परत आणणार. तू फक्त सांग, किती शिट्ट्या करायच्या?"

"कशाच्या शिट्ट्या?"

"अंड्यांच्या. बटाट्यासारख्या तीन, का जास्त?"

क्षितिजा दुपारपासून पहिल्यांदा हसली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं तिच्या. "कुकर नाही लागत हो आई!"

माळ्यावरून जुनं पातेलं काढलं. मागच्या गॅलरीत छोटी शेगडी मांडली. स्वयंपाकघरात नाही, एवढं मात्र बाईंनी राखलं. अंडी पाण्यात सोडताना त्यांनी चिमट्यात धरून अशी सोडली, जणू विस्तव. पाणी उकळायला लागलं. बाई कठड्याला धरून तिथंच उभ्या राहिल्या. मंदिरात मृदंगावर थाप पडली, बुवांचा खणखणीत आवाज वाऱ्याबरोबर मधूनमधून ऐकू येत होता. गेल्या कित्येक वर्षांत सप्ताहातलं कीर्तन चुकलं नव्हतं. आज चुकलं. बाईंनी हात जोडले आणि पुन्हा पातेल्याकडे वळल्या.

क्षितिजानं अंडी फोडली तेव्हा तो वास आला. बाई दचकल्या.

"अगं, हाच तो! दुपारी सोड्याच्या पाण्यातून हाच वास सुटला होता!"

"हो. चांदीवरचं काळं निघतानाही हाच आणि चढतानाही हाच. गंधकाचा खेळ आहे सगळा."

"म्हणजे दुपारीच घरात आला होता म्हण की," बाई म्हणाल्या, "मीच बोलावून आणला." आणि त्यांनी नाकावरचा पदर काढून कमरेला खोचला.

खालच्या मजल्यावर मनोरमाबाई राहायच्या. भजनी मंडळातल्या, बाईंच्याच रांगेत बसणाऱ्या. मंदिराकडे उशिरानं निघालेल्या त्या अंगणात थांबल्या आणि वर मान करून म्हणाल्या, "शशिकले, कीर्तनाला नाही का यायचं? आणि काय शिजतंय गं, कसला वास म्हणायचा हा?"

गौरांग आतून कुजबुजला, "आई, सांग गटार तुंबलंय."

बाईंनी कठड्यावरून वाकून स्पष्ट सांगितलं, "अंडी."

 खालून चपलांचा आवाज तेवढा जरा लगबगीनं मंदिराकडे गेला.

स्टीलच्या डब्यांत एका बाजूला दागिने, एका बाजूला चुरलेली गरम अंडी, मध्ये पुठ्ठ्याची आड भिंत, वर घट्ट झाकण. फिरोजाच्या अंगठीचा मात्र खडाच सोड्यानं मेला होता. निळा रंग जाऊन धुरकट हिरवा. क्षितिजानं ती बाजूला काढली. "ही नाही सुधारायची."

"ती मला दे," बाई म्हणाल्या आणि बोटात घातली. "राहू दे माझ्या डोळ्यांपुढं."

पहाटे अंघोळ, पूजा आटोपून बाईंनी डबे उघडले. झुमके, बाजूबंद, पाटल्या, सगळं छान जांभळट काळं. पण हंसलीचं झाकण उघडलं आणि दोघींचे चेहरे उतरले. हंसली चट्ट्यापट्ट्याची. कुठं तपकिरी, कुठं पिवळट, कुठं तशीच पांढरी. डबा मोठा, तिच्या वाट्याला वाफ पुरली नव्हती. आणि वर हातांचा ओशटपणा राहिला असावा.

"हीच नेमकी स्टॉलच्या मध्ये लावायची होती," क्षितिजा म्हणाली. "जाऊ द्या. बाकीचं झालं हे काय कमी आहे?"

"हॉल किती वाजता उघडतो?"

"अकराला. आई, आता वेळ..."

"मग बसून काय राहिलीस? धू ती रिठ्याच्या पाण्यानं. लहान डबा काढ. गौरांग! ऊठ रे, पिशवी घे!"

गौरांग डोळे चोळत आला. "आई, दुकानदार काल विचारत होता, घरी पार्टी आहे का."

"हो म्हणावं. आणि सकाळीही आहे."

पुन्हा पातेलं, पुन्हा वास. या वेळी अंडी बाईंनी स्वतःच्या हातानं फोडली. गरम होती, बोटं भाजली, पण हात मागे घेतला नाही. लहान डब्यात हंसली आणि अंडी, वर झाकण, झाकणावर गव्हाच्या पिठाचा लेप, वाफ कुठून निसटू नये म्हणून. ही युक्ती क्षितिजाच्या क्लासमध्ये कुणी शिकवली नव्हती. तोवर दोघी बाकीच्या दागिन्यांना बसल्या. कारण अजून निम्मं काम राहिलं होतं. नुसतं काळं करून भागत नाही. वर आलेला भाग हलक्या हातानं घासून उजळायचा आणि खाचेतलं काळं खाचेतच ठेवायचं.

"घासणं ना? आण इकडं," बाई म्हणाल्या.

बाईंनी बोटावर चिमूटभर विभूती घेतली आणि पहिल्या बाजूबंदावर फिरवली. चांदी चमकली. हाताला सवय होती, तो थांबेना. क्षितिजानं घाईनं त्यांचं मनगट धरलं. "बस, आई. इथंच."

"इथं? अगं, अजून अर्धं राहिलंय."

"ते राहायलाच हवं."

सगळ्या आयुष्यात बाईंनी चांदी अर्धी सोडली नव्हती. दुसऱ्या दागिन्याला त्यांनी ओठ मिटून घेतले. एक फेर, दोन फेर, आणि हात उचलला. परत खाली जाऊ पाहणारं बोट दुसऱ्या हातानं धरून ठेवलं. तिसऱ्या दागिन्याला धरावं लागलं नाही. मग क्षितिजानं त्यांच्याकडे बघणंच सोडलं आणि आपलं काम करत राहिली. बाईंच्या ते लक्षात आलं.

पिठाचा लेप फोडून हंसली काढली तेव्हा ती थेट रात्रीच्या आभाळासारखी निघाली होती. क्षितिजानं ती बाईंच्या पुढ्यात ठेवली.

"ही तुम्ही करा."

"मी? आणि बिघडली तर?"

"तर पुन्हा अंडी."

बाईंनी देवघराकडे एकदा बघून घेतलं आणि बोट टेकवलं. अगदी वरवर, बाळाच्या टाळूवरून तेल फिरवावं तसं. चकाकीतून एकेक माणूस वर यायला लागलं. आधी डोकी, मग पसरलेले हात, मग वाकलेले गुडघे. हातात हात घालून सगळी रांग पुढ्यात नाचायला लागली.

"अगं, हे तर आपले टाळकरी!" बाई म्हणाल्या. आणि हात उचलला, तो बरोबर जिथं उचलायचा तिथं.

स्टॉलवर दुपारपर्यंत चांगली गर्दी जमली. कॉलेजच्या मुली झुमके कानाला लावून फोनमध्ये बघत होत्या. "आंटी, ये एंटीक है?" म्हणून विचारत होत्या. बाई क्षितिजाशेजारी स्टुलावर बसल्या होत्या, कीर्तनाच्या साडीत. इतक्यात गर्दीतून मनोरमाबाई आल्या. बहुधा अंड्यांचा उलगडा करून घ्यायलाच. त्यांनी हंसली उचलली, नाकाजवळ नेली, तोंड वाकडं केलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "डिझाईन चांगलं आहे गं, पण किती काळी पडलीय! घरी ने आणि सोड्यात..."

"मनोरमा! हात खाली!" बाई स्टुलावरून उठल्या. आजूबाजूच्या मुली दचकून बघायला लागल्या. "ते काळं घासायचं नाही. ते आहे म्हणून ही माणसं दिसतात. नीट बघ. दिसतात का?"

मनोरमाबाईंनी चष्मा वर केला. बघत राहिल्या. "टाळकरी आहेत गं!"

"आणि हे बघ." बाईंनी बोट पुढं केलं. धुरकट हिरव्या खड्याची अंगठी. "सोड्यात घातली तर हे होतं. मी घातली होती."

"आणि ती अंडी?"

"त्यांच्याच वाफेनं काळी झाली पुन्हा. बस इथं, सगळं सांगते."

मनोरमाबाई बसल्या. त्यांनी हंसली खाली ठेवलीच नाही. सांगणं संपेपर्यंत ती त्यांच्या गळ्यात होती, आणि मग तिथंच राहिली. आपल्या सुनेसाठी म्हणून घेतली, असं त्या म्हणाल्या खऱ्या.

थोड्या वेळानं क्षितिजाचा फोन वाजला. गोविंदपुऱ्याहून होता. ती जागेवरून हलली नाही, तिथंच बाईंच्या देखत बोलली.

"नमस्ते सर. जी. नहीं सर, मैं वापस नहीं आऊँगी. हाँ, पक्का है."

फोन ठेवून ती एका मुलीला पाटल्यांचं माप दाखवायला वळली. बाईंनी डोळे टिपले. कीर्तनात टिपायच्या तसेच, पदराच्या त्याच टोकानं.

संध्याकाळी घरी आल्यावर बाईंनी मागच्या गॅलरीत ते पातेलं घासून लख्ख केलं. ते मात्र पूर्ण घासलं. त्याच्या कडीला लाल दोरा बांधला आणि खिळ्याला टांगलं. मग कुंडीखालची बशी काढली, धुतली आणि पातेल्याशेजारी फळीवर ठेवली.

"हे क्षितीच्या कामाचं," त्यांनी गौरांगला बजावलं. "याला कुणी हात लावायचा नाही."

"म्हणजे आता घरात अंडी चालणार?" गौरांगनं मोठ्या आशेनं विचारलं.

"चांदीला चालतील," बाई म्हणाल्या, "तुला नाही." आणि बुक्क्याची डबी घेऊन त्या मंदिराकडे निघाल्या. आज लवकर जायचं होतं. कालचं आख्यान कुठपर्यंत आलं होतं, ते मनोरमाबाईंना विचारून घ्यायचं होतं.